'फिअर' : भुतापेक्षा शिपाई भारी

मोनोलिथ प्रॉडक्शन्सचा २००५ सालचा 'फिअर' हा बंदुकीच्या लढाईचा भयपट-छापाचा व्हिडिओ गेम आज पहिल्यांदा खेळायला घ्यावा का, आणि त्यातली भीती अजून टिकून आहे का, असे आपण विचारले आहे. हा गेम मी तीनदा पूर्ण केला आहे. तो जरूर खेळावा, मात्र भीतीसाठी नव्हे, चकमकींसाठी.

यातले शत्रू ठरलेल्या जागी उभे राहून गोळ्या झेलत नाहीत. टेबल आडवे पाडून त्यामागे दडतात, खिडकीतून उडी मारतात, आणि आपण कोपऱ्यात दबा धरून बसलो तर हातबाँब टाकून बाहेर काढतात. एकदा अंधाऱ्या खोलीत मी टॉर्च चालू ठेवून बसलो होतो. झोत दाराबाहेर पडताच एकाने 'फ्लॅशलाइट!' अशी आरोळी ठोकली आणि पुढच्या क्षणी गोळ्या सुरू झाल्या. प्रत्येक शिपाई आपले उद्दिष्ट पाहून कृतींचा क्रम स्वतः जुळवतो, ही मोनोलिथमधील प्रोग्रामर जेफ ऑर्किन यांनी घडवलेली रचना आहे. गंमत अशी की, त्यांची हुशारी काही अंशी नुसत्या बोलण्यातून भासते: शिपाई कुमक मागवतो, प्रत्यक्षात तशी सोयच केलेली नाही, पण पुढच्या दालनात आणखी शत्रू भेटले की आपण ती कुमकच समजतो.

याला जोड आहे ती काळ मंदावण्याच्या शक्तीची. गोळीची हवेत उमटणारी रेघ, भिंतीचा उडणारा चुरा आणि शॉटगनचा दणका हे सारे इतके नेमके जमले आहे की, तीच चकमक मी मुद्दाम आधी जतन केलेल्या ठिकाणापासून (सेव्ह लोड करून) पुन्हा खेळलो आहे.

दुर्दैवाने हीच शक्ती भीतीच्या मुळावर येते. हवा तेव्हा काळ मंद करता येतो, खिशात दहापर्यंत औषधपेट्या मावतात. मग घाबरायचे कशाला? शिवाय अल्मा ही भुतासारखी लहान मुलगी बहुधा चकमक संपल्यावरच दिसते, त्यामुळे भीतीचे प्रसंग आणि लढाई एकमेकांत मिसळतच नाहीत. शिडीचा प्रसंग मात्र अपवाद. खाली उतरण्यासाठी आपण पाठमोरे वळतो आणि ती थेट समोर उभी असते. इथे कॅमेरा आपल्या हातून काढून घेतलेला नाही, वळायचे तर आपल्यालाच होते, म्हणूनच तो दचका अंगावर येतो. बाकीचे बरेच दचके दुसऱ्या खेपेला आधीच ओळखू येतात.

दुसरा दोष म्हणजे जागांचा तोचतोपणा: गोदाम, कार्यालय, पुन्हा कार्यालय. मधल्या टप्प्यात आपण कुठल्या मजल्यावर आहोत याचेही भान सुटते. कथेचा मोठा भाग फोनवरच्या ध्वनिमुद्रित निरोपांतून आणि लॅपटॉपमधल्या माहितीतून कळतो, त्यामुळे घाईने पुढे गेलात तर अल्मा कोण हे धड उमगणार नाही. लाल दिवा लुकलुकणारा फोन दिसला की थांबून ऐका.

अवघडपणाची पातळी मधल्याहून एक पायरी वर ठेवा. सोप्या पातळीवर शत्रू इतक्या लवकर मरतात की, त्यांना डावपेच लढवायला वेळच मिळत नाही.