वाचकांचे प्रश्न : ठेवीचा दर उतरला, पैसा ठेवायचा कुठे?

गेल्या काही महिन्यांत आलेल्या बहुतेक पत्रांत एकच तक्रार आहे : पावतीचे नूतनीकरण करायला गेलो तर बँकेने जुना दर द्यायला नकार दिला. कारण उघड आहे. 2025 मध्ये रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी, एप्रिल, जून आणि डिसेंबर असा चारदा रेपो दर (ज्या दराने ती बँकांना कर्ज देते तो) कमी केला, 6.50 चा 5.25 टक्के झाला. बँकांनी ठेवींचे दर त्यामागोमाग उतरवले. पोस्टाच्या बचत योजनांचे दर मात्र अर्थ मंत्रालय दर तिमाहीला ठरवते आणि एप्रिल 2024 पासून 2025 संपेपर्यंत ते हलले नाहीत. खालच्या उत्तरांतले पोस्टाचे आकडे त्या काळचे आहेत. खिडकीवर चालू तिमाहीचा दर विचारूनच अर्ज भरा.

चटई कारखान्यातून निवृत्त झालो. वय 61, पत्नी 58. भविष्य निर्वाह निधी व ग्रॅच्युइटी मिळून 22 लाख हातात आहेत. पेन्शन नावापुरती. घरखर्चाला दरमहा काहीतरी सुटले पाहिजे. (जळगाव)

तुमच्यासाठी पहिले दार ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचे. दर 8.2 टक्के, मुदत पाच वर्षे, कमाल मर्यादा 30 लाख. खाते उघडताना जो दर लागतो तो पाचही वर्षे तसाच राहतो. दर उतरत असताना हीच तिची खरी किंमत. पंधरा लाख ठेवले तर दर तिमाहीला 30,750 रुपये, म्हणजे महिन्याला सव्वादहा हजारांच्या आसपास. व्याज एप्रिल, जुलै, ऑक्टोबर आणि जानेवारीच्या 1 तारखेला मिळते, महिन्याला नाही. पत्नीला संयुक्त खातेदार करता येते, तिला वयाची अट नाही. पण अर्जात पहिले नाव तुमचेच हवे.

चार लाख मासिक प्राप्ती योजनेत ठेवा. दर 7.4 टक्के, महिन्याला सुमारे 2,467 रुपये. (इथे एकट्याच्या खात्याची मर्यादा 9 लाख, संयुक्तची 15 लाख.) दोन्हींचे व्याज थेट बचत खात्यात जाईल अशी सूचना अर्जातच द्या. अनेकजण ते महिनोन्महिने उचलत नाहीत आणि न उचललेल्या व्याजावर पुढे व्याज मिळत नाही.

उरलेले तीन लाख बँकेतच असू द्या, पण एका पावतीत नको. एकेक लाखाच्या तीन पावत्या करा. दवाखाना निघाला तर एकच मोडावी लागते, बाकी दोन्हींचा दर शाबूत राहतो. हा हिस्सा ठेवायचाच, कारण पोस्टातून मध्येच बाहेर पडणे महाग आहे. ज्येष्ठ नागरिक योजना वर्षाच्या आत बंद केली तर दिलेले व्याज मुद्दलातून वळते होते. एक ते दोन वर्षांत दीड टक्का आणि त्यानंतर एक टक्का रक्कम कापतात. मासिक प्राप्ती योजना पहिले वर्षभर मोडताच येत नाही, तिसऱ्या वर्षापर्यंत दोन टक्के जातात.

पंधरा लाखांचे वर्षाचे व्याज 1,23,000 होते. ज्येष्ठांसाठी टीडीएसची (व्याज देतानाच कापल्या जाणाऱ्या कराची) मर्यादा एक लाख असल्याने कपात लागू होईल. तुमचे एकूण उत्पन्न पाहता कर भरावा लागणार नाही, तेव्हा कर कापू नये असा जाहीरनामा (15-एच या नावाने सगळे ओळखतात तो) दरवर्षी एप्रिलमध्येच द्या. एकदा दिला की कायमचा झाला, हा समज चुकीचा आहे.

रिझर्व्ह बँकेच्या बदलत्या दराच्या बाँडचा 8.05 टक्के दर काहींना खुणावतो. आम्ही तुम्हाला तो सुचवत नाही. त्याचा दर दर सहा महिन्यांनी राष्ट्रीय बचत पत्राच्या दराशी जुळवला जातो, म्हणजे पुढे उतरूही शकतो. मुदत सात वर्षांची, आणि तुमच्या वयोगटाला सहा वर्षांच्या आत सुटका नाही.

गावातली पतसंस्था 9.5 टक्के देते, बँक 6.5 सुद्धा देत नाही. चार लाख पतसंस्थेत ठेवू का? (चाळीसगाव)

नको. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे वर्षाला 12,000 रुपये, आणि त्यासाठी पणाला लागतात चार लाख. बँकेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचे पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे. सहकारी बँकांनाही ते लागू आहे. पतसंस्थेला नाही. ती बहुराज्यीय असली, पाटी कितीही मोठी असली तरी नाही. अडकलेल्या ठेवींसाठी पतसंस्थांच्या दारात हेलपाटे घालणारे लोक जळगाव जिल्ह्याने पाहिले आहेत, त्यामुळे इथे जास्त सांगायला नको.

या पाच लाखांचा हिशोब मात्र नीट समजून घ्या. तो पावतीमागे नसतो, शाखेमागेही नसतो. एका बँकेतल्या तुमच्या नावावरच्या सगळ्या शाखांतल्या सगळ्या ठेवी एकत्र धरतात, आणि व्याजही त्यातच मोजतात. म्हणून एका बँकेत साडेचार लाखांच्या पुढे जाऊ नका. वरची रक्कम दुसऱ्या बँकेत, किंवा पती-पत्नीच्या संयुक्त नावावर. बँकेवर निर्बंध आले तर विम्याची रक्कम 90 दिवसांत मिळावी अशी तरतूद 2021 पासून आहे.

पतसंस्थेत आधीच पैसे असतील तर घाबरून मोडू नका. जशी मुदत संपेल तशी रक्कम काढत चला. 'नूतनीकरण करून टाकू' म्हणाले तर लेखी नकार द्या आणि पोच घ्या.

कापसाचे पाच लाख आले. सोसायटीचे पीक कर्ज 1.40 लाख आहे. मे महिन्यात बियाणे-खतांना दीड लाख लागतील. बाकीचे कुठे? (धरणगाव तालुका)

आधी पीक कर्ज मुदतीत फेडा. व्याज सवलत वेळेवर फेडणाऱ्यालाच मिळते. एकदा थकले की सवलतही जाते आणि पुढच्या हंगामाचे कर्जही अडते. ठेवीवर मिळणारे चार पैसे त्यापुढे काहीच नाहीत.

मेचे दीड लाख बँकेच्या छोट्या मुदतीच्या ठेवीत ठेवा, मात्र पावती 10 मेच्या आधी संपेल अशी दिवस मोजून करा. बऱ्याच मोठ्या बँकांचा बचत खात्याचा दर आता अडीच टक्क्यांवर आला आहे. ठेवीवर पाच मिळाले तर चार महिन्यांत साडेबाराशे रुपये जास्त येतील. फार नाहीत. पण बचत खात्यातला पैसा लग्नसराईत कुठे जातो ते कळतही नाही.

राहिलेल्या 2.10 लाखांपैकी पन्नास-साठ हजार बोअर, मोटर, बैल अशा खर्चाला मोकळे असू द्या. उरलेल्यातून राष्ट्रीय बचत पत्र (7.7 टक्के) घेता येईल, फक्त पाच वर्षे ते मोडता येत नाही हे धरून चाला. किसान विकास पत्र (7.5 टक्के) अडीच वर्षांनी मोडता येते, शेतीच्या पैशाला आम्हाला ते जास्त सोयीचे वाटते. आणखी एक : शेतीच्या उत्पन्नावर आयकर नाही, पण त्याच पैशाच्या ठेवीवर आलेले व्याज हे शेती उत्पन्न नव्हे.

बँकेत चार लाखांची तीन वर्षांची ठेव 7.4 टक्क्यांनी आहे, दीड वर्ष झाले. मोडून पोस्टात 7.5 ने ठेवू? (नंदुरबार)

अजिबात नाही. ठेव मोडली की 7.4 मिळत नाही. जितका काळ पैसे राहिले त्या मुदतीचा, ठेव ठेवताना असलेला दर लावतात आणि वर दंड कापतात. समजा दीड वर्षाचा दर 6.9 होता आणि दंड एक टक्का, तर हाती 5.9 पडेल. सरळ व्याजाने नऊ हजारांचा तोटा. पोस्टातला फायदा वर्षाला चारशे रुपयांचा. मध्येच गरज लागली तर याच पावतीवर कर्ज काढा. सहसा ठेवीच्या दरापेक्षा एखादा टक्का जास्त व्याज पडते, तेही उचललेल्या रकमेवर.

आत्ता करायचे काम एवढेच : पावतीवर 'आपोआप नूतनीकरण' असे असेल तर अर्ज देऊन ते बदलून घ्या आणि मुदत संपताच रक्कम बचत खात्यात जमा होईल असे करा. नाहीतर त्या दिवशी जो दर असेल त्याने ती आणखी तीन वर्षांसाठी अडकून बसेल.