वाचकांचे प्रश्न : हीटसिंक बसवला आणि दोन रॅम गायब

प्रश्न : नमस्कार सर, आमचं सांगलीत चार-पाच जणांचं छोटं ड्रॉइंग ऑफिस आहे, रेंडरिंगसाठी जुना सेकंडहँड सर्व्हर घेतला, इंटेलचा झिऑन गोल्ड ६१३८ प्रोसेसर एकच होता म्हणून दुसरा तसाच घेऊन मी स्वतःच हीटसिंकसकट (प्रोसेसर थंड ठेवणारा धातूच्या पट्ट्यांचा ठोकळा) बसवला. मशीन चालू झालं, दोन्ही प्रोसेसर दिसतात, पण १६ जीबीच्या १२ रॅम लावल्यात तर १९२ ऐवजी १६०च दिसतात. रॅमची अदलाबदल करून पाहिली, तरी तेच दोन स्लॉट मेलेले. विकणारा म्हणतो मदरबोर्ड गेला, नवीन घ्या. काय करू?

उत्तर : थांबा, बोर्ड घेऊ नका अजून! रॅम बदलूनही तेच स्लॉट मेलेले राहतात म्हणजे रॅम चांगल्या आहेत, आणि नवीन बसवलेल्या प्रोसेसरच्या बाजूचेच ते स्लॉट असतील (लिहिलं नाहीत, पण बघा तसंच असणार) तर माझा पहिला संशय तुमच्या हीटसिंकवर.

आता हीटसिंकचा आणि रॅमचा काय संबंध असं वाटेल. घरच्या कॉम्प्युटरमध्ये प्रोसेसर ठेवून दांडी दाबली की तो सॉकेटमध्ये, म्हणजे बोर्डवरच्या त्याच्या जागेत, पक्का होतो, हीटसिंक नंतर नुसता वर बसतो. तुमचा सॉकेट एलजीए ३६४७ आहे, या पिढीच्या झिऑनसाठी २०१७ पासून वापरलेला, आणि त्यात दांडीच नाही. ३६४७ बारीक पिना, त्यावर प्रोसेसर, आणि त्याला खाली दाबून धरायचं काम हीटसिंकच्या चार स्क्रूंचं. रॅमशी बोलणारा भाग, म्हणजे कंट्रोलर, प्रोसेसरच्या आतच असतो, त्याचे सहा चॅनल, म्हणजे रॅमकडे जाणाऱ्या सहा वाटा, त्यांच्या सगळ्या तारा ह्याच पिनांतून जातात. एका कोपऱ्यात दाब कमी पडला की तिथल्या पिना नीट टेकत नाहीत, एखादा चॅनल बंद पडतो आणि बाकी मशीन मजेत चालत राहतं, म्हणून तर माणूस फसतो. तुम्ही बहुतेक एक स्क्रू पूर्ण आवळून मग दुसरा घेतला असणार. मीही पहिल्यांदा तेच केलं होतं आणि अख्खी दुपार रॅम पुसत बसलो होतो.

तर परत उघडा. आधी मशीन दहा मिनिटं चालवून बंद करा म्हणजे प्रोसेसर आणि हीटसिंकमधली थर्मल पेस्ट जरा मऊ होते, मग दोन्ही पॉवर केबल काढा (दोन पॉवर सप्लाय असतात, एक काढून दुसरी विसरणारे बरेच बघितलेत). स्क्रू टॉर्क्स टी-३० चे आहेत, चांदणीच्या आकाराचे, साध्या पेचकसाने खटपट करू नका, घसरला आणि पिनांवर पडला तर मग खरंच बोर्ड गेला. हीटसिंकच्या स्टिकरवर १ ते ४ आकडे असतात, काढताना उलटे, ४ पासून. मग सरळ वर उचला. प्रोसेसर प्लास्टिकच्या क्लिपसकट हीटसिंकला चिकटून वर येईल, घाबरू नका, ते तसंच बनवलंय.

सॉकेटला बोट लावायचं नाही. मोबाइलचा टॉर्च तिरका धरा, सगळ्या पिना एकसारख्या चमकायला हव्यात, एखादी वेगळी चमकली तर ती वाकलीय. प्रोसेसरच्या खालच्या सोनेरी ठिपक्यांवर पेस्ट लागलीय का तेही बघा, लागली असेल तर आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसून पूर्ण सुकू द्या. क्लिपच्या कोपऱ्यात खाच असते, तिथे चपटा पेचकस घालून हळू फिरवला की प्रोसेसर हीटसिंकपासून सुटतो.

जुनी पेस्ट पूर्ण काढा, नवीन लावा. पेस्टचं काम फक्त दोन धातूंमधल्या बारीक खळग्यांतली हवा हाकलायचं, हवा उष्णता जवळजवळ नेतच नाही, पण तांब्यापुढे पेस्टही काहीच नाही, म्हणून पोळीला तूप चोपडल्यासारखी थापू नका, पातळ थर पुरे. प्रोसेसर मात्र चांगला मोठा आहे, घरच्या छोट्या प्रोसेसरला लावतात तो मधला एक ठिपका इथे कडेपर्यंत पोचत नाही, फुलीसारख्या दोन रेघा ओढा. थर्मल पेस्टऐवजी टूथपेस्ट लावायचे व्हिडिओ बघितले असतील तर विसरून जा.

मग प्रोसेसरच्या कोपऱ्यातला त्रिकोण क्लिपवरच्या त्रिकोणाला जुळवून तो क्लिपमध्ये बसवा, त्यावर हीटसिंक, आणि अख्खा जोड सॉकेटच्या खुंट्यांवर आडवा न होता सरळ खाली. खुंट्या लहान-मोठ्या आहेत, उलटा बसतच नाही, बसत नसेल तर जोर न लावता फिरवून बघा. आता १-२-३-४ ह्या क्रमाने थोडं थोडं आवळा, दोन-तीन फेऱ्यांत. शेवटी आवळण्याचा जोर (टॉर्क) १२ इंच-पाउंड, टॉर्कचा पेचकस कुणाकडून उसना मिळाला तर उत्तम. एवढं करून १९२ दिसलं नाही तरच बोर्डाचं बोलू.

प्रश्न : सर्व्हरच्या हीटसिंकवर फॅनच नाही आला, दुकानदाराने काढून घेतला का? (पुणे)

उत्तर : नाही हो, दुकानदार बिचारा निर्दोष. रॅकमधल्या (कपाटासारख्या चौकटीत बसणाऱ्या) सर्व्हरला हीटसिंकवर सहसा फॅन नसतोच, पुढच्या फॅनची रांग हवा ढकलते आणि ती हीटसिंकच्या पट्ट्यांमधून मागे निघून जाते. १यू, म्हणजे रॅकमधल्या सगळ्यात बुटक्या, सर्व्हरची उंचीच ४४ मिलिमीटर, फॅन बसवणार कुठे! फक्त पट्ट्या पुढून मागे अशा हव्यात, आडव्या आल्या तर हवा अडते. आणि वरचं प्लास्टिकचं झाकण, ते एअर श्राउड, ते अडगळ म्हणून काढून ठेवू नका.

प्रश्न : आमच्याकडे मे महिन्यात प्रोसेसर ९० डिग्रीच्या वर जातो, म्हणून सर्व्हरचं वरचं कव्हर काढून टेबलफॅन लावलाय. चालेल ना? (नागपूर)

उत्तर : नाही चालणार, तुम्ही उलट बिघडवताय. कव्हर असतं तेव्हा पुढची हवा बोगद्यातून गेल्यासारखी हीटसिंकमधून जाते, काढलं की ती वरूनच उडून जाते आणि प्रोसेसर तसाच तापलेला. बरेचसे सर्व्हर ३५ डिग्रीपर्यंतची हवा आत घेऊन चालायला बनवलेले असतात, १८ ते २७ मध्ये ठेवली तर उत्तम, नागपूरच्या मे महिन्यात बाहेरचीच ४५ असते, तेव्हा खोलीला एसी लागणारच. आधी पट्ट्यांमधली धूळ ब्लोअरने काढा (फॅनची पाती बोटाने धरून, नाहीतर गरगर फिरून खराब होतात), पेस्ट बरीच जुनी असेल तर बदला, कव्हर लावा. टेबलफॅन तुमच्या खुर्चीकडे वळवलात तरी हरकत नाही.