खांद्याच्या व्यायामासाठी पिवळा रेझिस्टन्स बँड पुरतो का, की एकदमच काळा घ्यावा?

पिवळाच घ्या. या रबरी पट्ट्यांचा रंग म्हणजे त्यांचा जोर, पिवळा हलका आणि काळा जड. तुमच्या फिजिओनं समोर बसवून, हात फिरवून बघून पिवळा सांगितला. जिममधल्या मित्रानं तुमचा खांदा बघितलेलासुद्धा नाही, तरी तो म्हणतो "काळा घे, पिवळ्याचे पैसे वाया जातील", आणि तुम्ही बुचकळ्यात पडता. तुम्हाला नावं ठेवत नाही. असा एक तज्ज्ञ प्रत्येकाच्या घरात असतो. आमच्याकडे धाकटे दीर आहेत.

स्कूटी घसरून माझा उजवा खांदा गेला होता. सुप्रास्पायनेटस, म्हणजे हात वर उचलणारा खांद्याचा एक स्नायू, अर्धवट फाटलाय, ऑपरेशन नको, व्यायाम करा, असं निघालं. मिरजेच्या फिजिओबाईंनी आधी नुसती मूठ भिंतीवर दाबायला लावली, हात हलवायचाच नाही. ते जमायला लागल्यावर मोठ्या गुंडाळीतून पिवळ्या पट्टीचा एक तुकडा कात्रीनं कापून हातात दिला. घरी आणला तर भाऊजी म्हणाले, "वहिनी, ही काय पायजम्याची नाडी आणलीत?" आणि लगेच मोबाईलवरून पाच ट्यूबांचा संच मागवला. हँडल, दाराला अडकवायचा पट्टा, घोट्याला बांधायचे पट्टे, वर चेनची पिशवी. "काळी घ्या. जड ओढल्याशिवाय ताकद येत नसते."

त्या काळ्या ट्यूबवर चाळीस पौंड छापलेलं होतं, म्हणजे अठरा किलो. आता व्यायाम काय, तर कोपर काटकोनात वाकवून अंगाला चिकटवायचं आणि पंजा पोटापासून बाहेर न्यायचा. हे काम इन्फ्रास्पायनेटस आणि टेरेस मायनर या दोन लहान स्नायूंचं. अठरा किलो त्यांच्या आवाक्यातलंच नाही. मग माणूस कंबरेतून वळतो, खांदा कानाला लावतो, मनगट मुरडतो, आणि हात बाहेर गेल्याचं समाधान मिळवतो. ते दोन लहान स्नायू तसेच बसून राहतात. म्हणून फिजिओबाई काखेत नॅपकिनची गुंडाळी धरायला लावायच्या. नॅपकिन पडला की समजायचं, कोपर अंगापासून सुटलं. पिवळ्यावर माझा नॅपकिन टिकायचा. भाऊजींनी स्वतः काळी ट्यूब ओढून दाखवली, तेव्हा पहिल्याच ओढीला नॅपकिन फरशीवर. त्यांचं म्हणणं, नॅपकिन गुळगुळीत होता.

मग मात्र मी इरेला पेटले. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकाचा काटा घरात होता. पिवळ्या पट्टीचं एक टोक खिडकीच्या गजाला बांधलं, दुसरं काट्याला, आणि मधली मोकळी पट्टी शिलाईच्या टेपनं बरोबर अर्धा मीटर ठेवली. ती दुप्पट लांब होईपर्यंत ओढली तर काटा सव्वा-दीड किलोच्या मध्ये. तिप्पट लांब केली तर दोनच्या पुढे. थेराबँड या पट्ट्या बनवणाऱ्या कंपनीच्या तक्त्यातही साधारण हेच आकडे आहेत: दुप्पट ताणाला पिवळा सव्वा किलोच्या वर, हिरवा दोनच्या वर, काळा सव्वातीनच्या आसपास. म्हणजे पिवळाच आखूड धरून तिप्पट ताणला की दुप्पट ताणलेल्या हिरव्याच्या घरात जातो. रंगावरून भांडायचं कशाला? वजन रंगात जितकं आहे तितकंच ते पट्टी कुठून धरली त्यातही आहे. शिवाय जसा ताण वाढतो तसा जोर वाढतो, म्हणजे हात बाहेर पोचता पोचता, जिथं हे स्नायू कमी पडतात, तिथंच पट्टी सगळ्यांत जड. डंबेलवाल्यांच्या हे लक्षात येत नाही.

भाऊजी म्हणाले, काटा चायनाचा आहे. ट्यूब कुठली होती ते मी विचारलं नाही.

तर घ्यायचं काय: सपाट पट्टी, दीड ते दोन मीटर, हँडल नको. पंजाभोवती गुंडाळता येते, त्यामुळे मूठ आवळावी लागत नाही. छोटे गोल लूप पायांसाठी ठीक, खांद्याच्या कामाचे नाहीत. पाचाचा संच तर अजिबात नको, त्यातले तीन कपाटात पडून राहतात. थेराबँडचा क्रम फिकट तपकिरी, पिवळा, लाल, हिरवा, निळा, काळा, चंदेरी, सोनेरी असा आहे, पण दुसऱ्या कंपनीचा लाल म्हणजे हाच लाल असं समजू नका. एखाद्या संचात तो सगळ्यांत जडही असतो. पंधरा वेळा सावकाश करून शेवटच्या दोन-तीन वेळेलाही खांदा वर चढत नसेल आणि दुसऱ्या दिवशी ठणकत नसेल, तर लालवर जा. परत येतानाही पट्टीला सोडून द्यायचं नाही, हळूच आणायचं. अर्धा व्यायाम तिथंच आहे.

आणि हो, रबराची ॲलर्जी असेल तर लॅटेक्स नसलेली पट्टी मिळते, ती घ्या. अंगठी काढून ठेवा. गज गंजलेला असेल तर मध्ये कापड घाला, बारीकशी चीर पडली तरी पट्टी तुटून थेट तोंडावर येते. उन्हात वाळत घालू नका, चिकट झाली तर टाल्कम पावडर लावून डब्यात ठेवा.

ऑपरेशन झालेलं असेल तर मात्र माझं काही ऐकू नका, सर्जन सांगतील ते आणि तेव्हाच. तुमचा खांदा कशानं दुखतोय हे तुम्ही लिहिलेलंच नाही. फ्रोझन शोल्डर, म्हणजे आखडलेला खांदा असेल, आणि साखर असणाऱ्यांना तो जास्त होतो, तर आधी हात मोकळा करायचा असतो, पट्टीचा नंबर त्यानंतर. नेमकं काय निघालंय ते फिजिओला विचारून इथं लिहा. मित्राला विचारू नका.