‘थिंक टँक’ म्हणजे कसली नोकरी?

खानापूर तालुक्यातून एका वडिलांनी लिहिलंय: ‘मुलगी बेळगावात बीए अर्थशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. बँकेची परीक्षा नको, धोरण-संशोधन संस्थेत, म्हणजे ‘थिंक टँक’मध्ये जायचं म्हणते. शाळा मराठीतून झाली. निभेल का? पाहुण्यांना काय सांगू?’

नमस्कार. लोकांत जाऊन पाहणी करायची आणि सरकारच्या धोरणांसाठी अहवाल लिहायचे, हे थिंक टँकचं काम. पाहुण्यांना पुण्याच्या गोखले इन्स्टिट्यूटचं सांगा. १९३० साली रावबहादूर काळे यांच्या देणगीतून ती उभी राहिली. पहिले संचालक धनंजयराव गाडगीळ. त्यांनी पुण्याचा फळबाजार, वाई तालुक्यातल्या शेतीचा जमाखर्च असल्या पाहण्या केल्या. हेच गाडगीळ १९६७ मध्ये नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष झाले आणि केंद्राची मदत राज्यांना कशी वाटायची, त्याचं सूत्र त्यांच्या नावानं ओळखलं जातं.

पुढे दिल्लीत, बेंगळुरात अशा संस्था निघाल्या. बेंगळुरातली ‘आयसेक’ ही सामाजिक-आर्थिक संशोधन संस्था १९७२ मध्ये अर्थतज्ज्ञ व्ही. के. आर. व्ही. राव यांनी काढली. आपल्या शेजारी धारवाडलाही ‘सीएमडीआर’ ही विकास-संशोधन संस्था आहे. पूर्वी हे काम मुख्यतः सरकारी योजनांसाठी चाले. आता विधेयकं सोपी करून आमदार-खासदारांपर्यंत पोचवणं, हेही त्यात आलं. दिल्लीची ‘पीआरएस’ २००५ पासून ते करते. तिची लॅम्प फेलोशिप पदवीधर तरुणांना खासदारासोबत काम करायला देते. मुलीनं ती जरूर बघावी.

भाषेचं म्हणाल, तर मला तीच तिची खरी पुंजी वाटते. ‘कर्ज किती?’ असं थेट विचारलं की शेतकरी गप्प बसतो. ‘औंदा खत कुठल्या दुकानातून उधार आणलं?’ म्हटलं की सगळा हिशेब बाहेर येतो. निपाणीच्या विडी कामगार बाईला महिन्याची मजुरी सांगता येणार नाही, पण आठवड्यात किती हजार विड्या वळल्या ते नेमकं सांगेल. हे विचारायला तिचीच बोली लागते. कन्नड मात्र वाचण्या-लिहिण्याइतकं पक्कं करून घ्या, पंचायतीचे कागद त्याच भाषेत असतात. अहवाल इंग्रजीत लिहावे लागतात. त्यासाठी रोज एक पान लिहायची सवय लावा.

एक स्पष्ट सांगतो. सुरुवातीच्या नोकऱ्या बहुधा प्रकल्पापुरत्या, कंत्राटी असतात. निधी आटला की काम थांबतं. म्हणून एमए करायलाच हवं, आणि त्यात संख्याशास्त्र टाळू नये.

परीक्षा झाली की गावातल्या वीस घरांत जाऊन रेशन, पाणी, उसाचं बिल यांची वही तिला भरू द्या. मुलाखतीला ती वही सोबत न्यावी.