शपथविधीच्या व्यासपीठावर सेनापती कशासाठी?

प्रश्न : कोणत्याही देशातील नव्या राष्ट्राध्यक्षांचा शपथविधी पाहताना पुढच्या रांगेत गणवेशातील सेनाप्रमुख हटकून दिसतात. सैन्याने राजकारणापासून दूर राहावे असे एकीकडे म्हणायचे आणि दुसरीकडे सेनापतींनी नव्या नेत्याच्या स्वागताला उभे राहायचे, यात विसंगती नाही का?

उत्तर : सेनापती तेथे नेत्याला पाठिंबा देण्यासाठी आलेले असते, तर विसंगती नक्कीच झाली असती. बहुतेक प्रजासत्ताकांत राष्ट्राध्यक्ष हेच सैन्याचे सर्वोच्च सेनापती असतात. भारतीय राज्यघटनेच्या ५३व्या अनुच्छेदात संरक्षण दलांचे सर्वोच्च अधिपत्य राष्ट्रपतींकडे दिले आहे, तर अमेरिकेच्या राज्यघटनेने ते अध्यक्षांकडे सोपवले आहे. म्हणजे त्या दिवशी सेनाप्रमुखांचा वरिष्ठ बदलत असतो आणि तो बदल आपल्याला मान्य आहे हे त्यांनी सर्वांसमक्ष, एक शब्दही न बोलता दाखवायचे असते. सलाम पदाला असतो, असे जे सैन्यात सांगितले जाते त्याचा अर्थ हाच. मावळत्या अध्यक्षांना सकाळी ज्या हाताने सलाम केला, त्याच हाताने दुपारी नव्यांना करायचा. मनात कोण आवडते होते याला तेथे जागा नाही.

सत्तांतर शांतपणे होत असते तेव्हा हे सगळे निव्वळ शोभेचे वाटते. त्याचे मोल कळते ते अवघड प्रसंगी. १० मे १९९४ रोजी प्रिटोरियाच्या युनियन बिल्डिंग्ज येथे नेल्सन मंडेला दक्षिण आफ्रिकेचे अध्यक्ष झाले, तेव्हा देशाच्या सैन्यातील आणि पोलिसांतील सर्वोच्च अधिकाऱ्यांनी त्यांना सलाम करून निष्ठा व्यक्त केली आणि हवाई दलाची विमाने डोक्यावरून गेली. ज्या राजवटीने मंडेलांना २७ वर्षे तुरुंगात ठेवले, त्याच राजवटीच्या सेवेत हे सेनापती वाढलेले होते. हेच अधिकारी काही वर्षांपूर्वी आपल्याला सलाम न करता अटक करते, याची जाणीव आपल्याला त्या क्षणी होती, असे मंडेलांनी आत्मचरित्रात लिहिले आहे. त्या समारंभातील भाषणांइतकेच, किंबहुना माझ्या मते त्याहून अधिक, त्या सलामाने देशाला सांगितले.

उलट बाजूचे उदाहरण चिलीचे. ११ मार्च १९९० रोजी पॅट्रिसिओ आयल्विन यांनी अध्यक्षपद स्वीकारले आणि ऑगुस्तो पिनोशे यांची हुकूमशाही संपली. परंतु पिनोशे भूदलाच्या सरसेनापतिपदावर मार्च १९९८ पर्यंत कायम राहिले. लोकनियुक्त अध्यक्षांच्या हाताखालचा सेनापती कालचा हुकूमशहाच असेल, तर समारंभ कितीही नेटका झाला तरी खरी सूत्रे कोणाकडे आहेत हा प्रश्न मागे उरतोच, आणि चिलीत तो बरीच वर्षे उरला. तेव्हा सेनापतींच्या हजेरीवरून सगळे काही आलबेल आहे असा निष्कर्ष मात्र काढू नये.

प्रश्न : सैन्याची निष्ठा नव्या नेत्याला वाहिली जाते की राज्यघटनेला? आणि एका नेत्याचा अधिकार संपून दुसऱ्याचा सुरू होईपर्यंत हुकूम कोणाचा चालतो?

उत्तर : पहिल्या प्रश्नाचे उत्तर शपथेच्या शब्दांत सापडते. भारतीय सैनिक राज्यघटनेप्रति निष्ठेची शपथ घेतो आणि राष्ट्रपतींच्या व वरिष्ठांच्या आज्ञा पाळण्याचे वचन देतो. यात आधी राज्यघटना आणि मग आज्ञा हा क्रम महत्त्वाचा आहे. ब्रिटनमध्ये शपथ राजाच्या नावाने असते, त्यामुळे तेथे पंतप्रधान बदलले तरी सैन्याच्या शपथेला धक्का लागत नाही. शपथेतील शब्द फिरवले की काय होते ते २ ऑगस्ट १९३४ रोजी जर्मनीत दिसले. राष्ट्राध्यक्ष हिंडेनबर्ग यांचे निधन झाले आणि त्याच दिवशी सैन्याला देशाऐवजी व्यक्तिशः हिटलरशी एकनिष्ठ राहण्याची शपथ देण्यात आली. पुढे अनेक अधिकाऱ्यांनी आपल्या आज्ञापालनाचे समर्थन करताना याच शपथेकडे बोट दाखवले.

दुसऱ्या प्रश्नाबाबत अमेरिकेचा नियम फार स्पष्ट आहे. १९३३ साली संमत झालेल्या विसाव्या घटनादुरुस्तीनुसार मावळत्या अध्यक्षांची मुदत २० जानेवारीला दुपारी बाराला संपते आणि त्याच क्षणी नव्यांची सुरू होते. भाषण लांबले किंवा पाऊस आला म्हणून अधिकार खोळंबत नाही. २०२१ मध्ये संसद भवनावरील हल्ल्यानंतर, १२ जानेवारीला, तेथील संयुक्त सेनाप्रमुखांच्या मंडळातील आठही सदस्यांनी सैन्याला उद्देशून पत्रक काढले आणि २० जानेवारीला ज्यो बायडेन हे ४६वे सर्वोच्च सेनापती होतील असे त्यात नमूद केले. एरवी जे नुसते उभे राहून सांगायचे, ते त्या वेळी लिहून सांगावे लागले.

सैन्यांतर्गत पदबदलातही हीच काळजी घेतली जाते. अनेक देशांत मावळता अधिकारी दलाचा ध्वज आपल्या वरिष्ठाच्या हाती देतो आणि वरिष्ठ तो नव्या अधिकाऱ्याकडे सोपवतो. ध्वज हस्तांतरित होताना सगळी तुकडी समोर उभी असते, कारण यापुढे हुकूम कोणाचा हे प्रत्येक सैनिकाने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेले असावे, अशी त्यामागची कल्पना आहे.

प्रश्न : नव्या नेत्याच्या भाषणाला सेनाप्रमुख टाळ्या का वाजवत नाहीत? तो अनादर नव्हे काय?

उत्तर : मुळीच नाही. अमेरिकी अध्यक्षांच्या संसदेपुढील वार्षिक भाषणात राजकीय मुद्द्यांवर सगळे सभागृह उभे राहिले तरी सेनाप्रमुख निर्विकारपणे बसून राहतात, कारण आज एका पक्षाच्या घोषणेला टाळी दिली तर उद्या दुसऱ्या पक्षाच्या घोषणेला न दिलेली टाळीही मोजली जाईल. सैनिकांच्या शौर्याचा उल्लेख आला, तर मात्र तेही टाळ्या वाजवतात.