माझा भाऊ पूर्ण अंध आहे. कॉम्प्युटरचा कोणता कोर्स केला तर नोकरी लागेल?

तुम्ही लिहिलंय की भाऊ बी.ए. झालाय, वय २४, टॉकबॅकवर, म्हणजे स्क्रीन बोलून दाखवणाऱ्या सोयीवर, मोबाईल सराईतपणे वापरतो आणि गावातल्या एका क्लासने 'कृतिदेवमध्ये मराठी टायपिंग शिकवतो, ऑफिसात तेच लागतं' असं सांगून फी मागितली आहे. कोर्सचं नंतर बघू. आधी ती फी भरू नका.

दृष्टिहीन मुलांना कॉम्प्युटर शिकवणं हेच माझं काम, आणि या एका मुद्द्यावरून क्लासवाल्यांशी माझी वर्षानुवर्षं जुंपलेली आहे. त्यामुळे उत्तर जरा एकाच बाजूला झुकेल, चालवून घ्या.

कृतिदेव आणि त्या पिढीचे बाकीचे फॉन्ट म्हणजे इंग्रजी अक्षरांनी घेतलेलं मराठीचं सोंग. कृतिदेवमध्ये 'भारत' टाइप केलं की फाईलमध्ये साठतात ती एच, के, के, जे, आर ही पाच इंग्रजी अक्षरं. फॉन्ट त्यांच्यावर भारतचं चित्र चढवतो. डोळस माणसाला चित्र दिसतं, त्याचं काम भागतं. स्क्रीन रीडर, म्हणजे स्क्रीनवरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर, चित्र बघतच नाही, तो साठवलेली अक्षरं वाचतो. म्हणजे तुमचा भाऊ अर्ज टाइप करणार 'भारत' आणि कानावर येणार 'एच के के जे आर'. 'कि' लिहायचं तर आधी वेलांटीसाठी एफ, मग क साठी डी. मशीन म्हणणार 'एफ डी'. चूक झाली हे त्याला कळणार कसं? दुसऱ्याने टाइप केलेलं पत्र तर त्याला कधीच वाचता येणार नाही. क्लासमध्ये बोटं पाठ होतील, परीक्षाही सुटेल कदाचित, पण ऑफिसात पहिल्याच दिवशी कुणीतरी 'जरा कालचं पत्र वाचून उत्तर तयार कर' म्हणालं की खेळ संपला. मग तिथले लोक म्हणणार, 'अंध आहे, त्याला जमत नाही.' जमत नाही ते फॉन्टला.

युनिकोड ही अक्षरं साठवायची जगभर चालणारी पद्धत, तिच्यात भ म्हणजे भच साठतो. त्यावर कीबोर्डची इनस्क्रिप्ट मांडणी शिकवायची. विंडोजमध्ये मराठी भाषा जोडली की ती आपोआप येते, काही विकत घ्यावं लागत नाही. अंध माणसाला ही मांडणी विशेष सोयीची, कारण तिला घडी आहे: डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. एफ आणि जे या बटणांवर बोटाला लागणारा उंचवटा असतो. तिथे अनुक्रमे ऱ्हस्व वेलांटी आणि र. के वर क, एल वर त, डी वर हलन्त. शिफ्ट दाबलं की बऱ्याच ठिकाणी त्याच घरातलं दुसरं अक्षर मिळतं, ट चा ठ, ल चा ळ. आणि वेलांटी उच्चाराच्या क्रमाने, व्यंजनानंतर. 'मराठी' म्हणजे सी, जे, ई, शिफ्टसह अवतरणचिन्ह, आर. रोज एक तास दिला तर साधारण दोन महिन्यांत बोटं स्थिरावतात.

क्लास चांगला आहे की नाही हे एका शब्दावर कळतं: 'दुसऱ्या'. यातला ऱ्य बरोबर यायला शिफ्टसह जे, मग डी, मग तिरपी रेघ. बरेच शिक्षक इथे साधा र आणि मधे एक अदृश्य जोडचिन्ह टाकतात. दिसायला दोन्ही सारखेच. पण एक्सेलमध्ये एका पद्धतीने लिहिलेला 'दुसऱ्या' दुसऱ्या पद्धतीने शोधला तर सापडत नाही. डोळस माणूस नजर फिरवून ओळ शोधेल. तुमच्या भावाचा सगळा भार 'शोधा'वरच असणार.

क्लासवाल्यांचा ठरलेला युक्तिवाद असा की ऑफिसातलं जुनं मॅटर सगळं त्याच फॉन्टात आहे. आहे, मान्य. त्यासाठी जुन्या फॉन्टातला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारे कन्व्हर्टर असतात, तेही शिकवा. पण ते कुठे घसरतात हे माहीत हवं. मजकूर नुसता चिकटवला की फॉन्टची माहिती गळते, मग मधले खरे इंग्रजी शब्दही मराठी समजून बदलले जातात आणि भलतंच काहीतरी उमटतं. रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. 'दुसऱ्या'चा 'दुसर्या' होतो. कृतिदेवमध्ये स्वल्पविराम चौकोनी कंसाच्या जागी असतो, काही कन्व्हर्टर तो तसाच सोडतात. म्हणून बदललेला मजकूर ओळीओळीने ऐकायचा, अडखळेल तो शब्द नंबर पॅडवरचा ५ दोनदा दाबून अक्षरागणिक ऐकायचा. ऱ्हस्व-दीर्घ कानाला फसवतं, तेही असंच तपासायचं. महाराष्ट्र शासनाने युनिकोड वापरा असं सांगून बरीच वर्षं झाली. ऑफिसं ऐकत नाहीत, हा भाग निराळा.

आता कोर्स. नावाने कोणताही घ्या. क्रम चुकला की पैसे गेले. पहिल्यांदा पांढरी काठी. एकट्याला बसस्टँडपर्यंत जाता येत नसेल तर कॉम्प्युटर थांबवा आणि आधी ते शिकवा. मुलाखतीत न चुकता विचारतात, 'ऑफिसला कसे येणार?' 'भाऊ सोडेल' हे उत्तर नोकरी घालवतं.

मग एनव्हीडीए. हा स्क्रीन रीडर फुकट आहे, २००६ पासून आहे. जॉज हा दुसरा स्क्रीन रीडर महाग, ज्या कंपनीला हवा ती घेऊन देईल. एनव्हीडीएबरोबर येणारा ई-स्पीक हा कृत्रिम आवाज मराठी बोलतो, पण पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा. पहिल्या आठवड्यात मुलं वैतागतात. वैतागू द्या. हाच आवाज वेग वाढवला तरी फुटत नाही, आणि कामात वेगच लागतो. लॅपटॉप ८ जीबी रॅम आणि एसएसडीचा, भारी ग्राफिक्स नको. हेडफोन वायरचा घ्या. ब्लूटूथचा मधल्या शांततेत झोपी जातो आणि जागा होताना पहिलं अक्षर गिळतो. 'नाही'चं 'ही' ऐकू येणं कामात परवडत नाही. बाहेरून यूएसबीचा पूर्ण कीबोर्ड लावा, कारण नंबर पॅडवर एनव्हीडीएच्या बऱ्याच आज्ञा असतात. या आज्ञांसाठी दाबायचं 'एनव्हीडीएचं बटण' म्हणजे इन्सर्ट. छोट्या लॅपटॉपवर ते अडचणीत असतं, तिथे कॅप्स लॉकला एनव्हीडीएचं बटण करून टाका. आणि पहिल्या दिवसापासून माऊस काढून ठेवा, शिकवणाऱ्याच्या हातातूनसुद्धा.

वेबसाईटवर एच ने शीर्षकं, एफ ने फॉर्मचे रकाने, बी ने बटणं, टी ने तक्ते थेट गाठायचे. एनव्हीडीए आणि एफ ७ दाबलं की पानावरच्या लिंकांची यादी येते. टॅब दाबत दाबत पान पालथं घालायची सवय लागली असेल तर ती मोडा. स्कॅन केलेली पीडीएफ आली की एनव्हीडीए गप्प बसतो, कारण आत मजकूर नसतो, फोटो असतो. एनव्हीडीए आणि आर ने विंडोजचं ओसीआर, म्हणजे फोटोतला मजकूर ओळखायची सोय, चालतं, इंग्रजीला ते पुरतं. मराठीला गुगल ड्राइव्हमधून किंवा टेसरॅक्ट या ओसीआर सॉफ्टवेअरने काढावं लागतं.

खरी पगाराची गोष्ट एक्सेल. तिथे दोन महिने द्या. ऑफिसातला नेहमीचा तक्ता डोळ्यासमोर आणा: वर तीन ओळी एकत्र करून मधोमध ऑफिसचं नाव, खाली दोन ओळींचे मथळे, 'जिल्हा'खाली चार सेल जोडलेले, प्रलंबित प्रकरणं लाल रंगात. स्क्रीन रीडरवर त्यात ऐकू येतं '३२, ई १४'. कशाचे ३२? मथळा नाही. लाल रंग तर आपणहून बोलला जात नाहीच. म्हणून ही साफसफाई हातात बसली पाहिजे: जोडलेले सेल सोडवा, मथळ्याची एकच ओळ ठेवा, त्या ओळीतल्या पहिल्या सेलवर एनव्हीडीए-शिफ्ट-सी दाबा म्हणजे पुढे प्रत्येक स्तंभाचं नाव बोललं जाईल, आणि रंगाऐवजी 'स्थिती' नावाचा स्तंभ घालून 'प्रलंबित' असं लिहा. कंट्रोल-शिफ्ट-एल ने फिल्टर, आल्ट आणि खालचा बाण दाबून निवड. ओळी लपवलेल्या असतील तर कॉपी करताना आधी आल्ट-अर्धविराम, म्हणजे फक्त दिसणाऱ्या ओळीच निवडल्या जातात. हे विसरलं की लपलेल्या ओळीही कामात ओढल्या जातात आणि बेरीज चुकते. ५०० ओळींचा तक्ता देऊन दहा मिनिटांत 'कोणत्या तालुक्यात किती प्रलंबित' हे काढता आलं, तर मुलाखतीला पाठवा.

नोकरी लागल्यावर काय अडतं तेही ऐका. कंपनीचा आयटी विभाग एनव्हीडीए बसवू देत नाही. पेनड्राइव्हवरची प्रत चालते, पण लॉगिनच्या आणि परवानगीच्या पडद्यावर ती मुकी होते, म्हणून रीतसर बसवून घ्यायलाच हवं. काम दूरच्या सर्व्हरवर चालत असेल तर नुसत्या आपल्या मशीनवर एनव्हीडीए असून उपयोग नाही, तिथून फक्त चित्र येतं. समोरच्या मशीनवरही तो लागतो, २०२५.१ आवृत्तीपासून दोन्ही जोडायची सोय त्यातच आली आहे. हे प्रश्न रुजू होण्याआधी ईमेलने विचारा, तोंडी नको.

कायद्याचा आधार आहे. २०१६ चा दिव्यांग हक्क कायदा सरकारी आस्थापनांना किमान ४ टक्के जागा राखायला सांगतो, त्यातला १ टक्का अंध आणि अल्पदृष्टी असलेल्यांना. त्यासाठी ४० टक्के किंवा त्याहून जास्त अपंगत्वाचं प्रमाणपत्र हवं. यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, काढलं नसेल तर कोर्सच्या आधी काढा. कलम २१ प्रमाणे खासगी कंपनीलाही समान संधी धोरण जाहीर करावं लागतं. मुलाखतीआधी ते मागून बघा, एचआर गडबडला की पुढचा अंदाज येतो. बँकेच्या लिपिक परीक्षा भावाने द्याव्यातच. लेखनिक मिळतो आणि तासाला २० मिनिटं जास्तीची मिळतात. वेबसाईट-ॲपच्या सुगम्यता चाचणीचं, म्हणजे ती अंधांना वापरता येतात का हे तपासायचं, काम हल्ली सगळे सुचवतात. एचटीएमएल शिकायची तयारी असेल तरच त्या वाटेला जावं. नुसतं 'हे बटण बोलत नाही' सांगण्याला पगार मिळत नाही. मुंबईत झेवियर्स कॉलेजमधलं दृष्टिहीनांसाठीचं केंद्र एक्सआरसीव्हीसी आणि वरळीची अंधांसाठीची संस्था नॅब, पुण्यात पूना ब्लाइंड मेन्स असोसिएशन, बंगळुरूत एनेबल इंडिया, इथे चौकशी करा. प्रवास परवडेल तिथे जाऊन अर्धा दिवस नुसतं बसून बघा.

राहिलेल्या दोन गोष्टी. भावाला थोडंफार दिसत असेल तर वरचं बरंचसं बदलेल. विंडोजचा मॅग्निफायर आणि आवाज दोन्ही शिकवा. आणि त्याने आधीच टाइपरायटरची रेमिंग्टन मांडणी बोटांत बसवली असेल तर ती मोडू नका, ती मांडणी वापरून युनिकोडमध्ये लिहिणारी सॉफ्टवेअर मिळतात. माझा राग मांडणीवर नाही, फॉन्टवर आहे.

क्लासवाल्याला भेटायला जाल तेव्हा एवढंच करा. त्याच्याच मशीनवर एनव्हीडीए सुरू करायला सांगा, त्याच्या कोर्समधलं कुठलंही मराठी पान उघडा, स्क्रीन बंद करा आणि त्यालाच विचारा, काय लिहिलंय.