शोषण, अंतर्ग्रहण आणि पारवहन

कोल्हापुरात नर्सिंगच्या मुलींना शिकवणाऱ्या एका ताईंचा प्रश्न आहे: तीव्र फुप्फुस-इजेवर (यात फुप्फुसातल्या वायुकोशांत, म्हणजे हवेच्या इवल्या कप्प्यांत, पाणी भरतं) मराठीत टिपणं काढताना एन्डोसायटोसिसला ‘शोषण’ म्हटलं तर चालेल का?

नाही चालणार, ताई. कारण याच आजारात सापडतं. वायुकोशाच्या अस्तरातल्या पेशी आतलं सोडियम सतत पलीकडे उपसत असतात, त्यामागोमाग पाणी जातं आणि हवेला जागा मोकळी राहते. याला शोषण म्हणणं अगदी बरोबर. एन्डोसायटोसिस ही निराळी क्रिया. (हे नाव क्रिस्तियाँ द द्यूव यांनी १९६३ मध्ये दिलं.) त्यात पेशीचं पटल आत वळतं आणि बाहेरचा ऐवज, किंवा पटलावरचंच एखादं प्रथिन, इवल्या पिशवीत बंद होऊन आत जातं. ऑक्सिजन कमी पडला की सोडियम उपसणारे पंप याच वाटेनं पृष्ठभागावरून आत ओढले जातात, असं प्रयोगांत दिसलंय. मग पाण्याचा उपसा मंदावतो. दोन्हींना एकच शब्द वापरलात तर मुलींना लिहावं लागेल, ‘शोषण वाढल्यामुळे शोषण घटलं’! म्हणून इथे ‘अंतर्ग्रहण’ घ्या.

दुसरी गल्लत ‘झिरपणे’ या क्रियापदाची. न्यूमोनिया किंवा रक्तातल्या जंतुसंसर्गानं केशवाहिन्यांच्या पेशींमधले सांधे उसवतात आणि प्रथिनयुक्त द्रव फटींतून झिरपतो. पण अल्ब्युमिन हे रक्तातलं प्रथिन पेशीच्या पोटातूनही पलीकडे जातं: एका बाजूनं पिशवीत घेतलं जातं, दुसऱ्या बाजूला सोडलं जातं. २०१९ च्या महापुरात पाणी भिंतींतून झिरपत होतं आणि माणसं नावेतून पलीकडे नेली जात होती. या दोन गोष्टींना आपण एक क्रियापद वापरलं नसतं. या नावेच्या वाहतुकीला, म्हणजे ट्रान्ससायटोसिसला, ‘पारवहन’ मला सगळ्यांत नेमकं वाटतं.

भक्षकपेशी जंतू गिळतात ते ‘भक्षण’, यात वाद नाही. मात्र त्याच पेशी मेलेल्या पांढऱ्या पेशीही उचलतात; त्या तशाच राहिल्या तर फुटून दाह वाढवतात. या कामाला इफेरोसायटोसिस म्हणतात आणि त्यातल्या लॅटिन धातूला ‘प्रेत दफनाला नेणे’ असाही अर्थ आहे. आपल्याकडे ‘मातीला जाऊन आलो’ म्हणतात, त्यामुळे वर्गात हा अर्थ लगेच पोचेल. टिपणात ‘मृतपेशी-भक्षण’ लिहा.

आणि एक, तुम्ही न विचारलेलं. नातेवाईक ‘छातीत पाणी झालंय’ म्हणतात तेव्हा बहुधा फुप्फुसाभोवतीच्या आवरणात साठलेलं पाणी अभिप्रेत असतं, जे सुईनं काढता येतं. या इजेतलं पाणी वायुकोशांच्या आत असतं, ते तसं काढता येत नाही. टिपणात ‘वायुकोशांत पाणी’ असंच लिहा, म्हणजे मुली नातेवाइकांनाही नीट समजावतील.